डेरा शुक्रवारपर्यंत बसवायचा होता

आमची शिलाई मशीन ओट्यावर असते. आत ठेवली तर गिऱ्हाईक बाहेरूनच हाका मारत बसतं आणि आमच्या ह्यांना ऐकू कमी येतं, म्हणून ओट्यावर. हाटपिपल्याहून थोडं पुढे गेलं की आमचं गाव. मामंजी सांगायचे, त्यांच्या पणजोबांना देवासच्या दरबारात तंबू शिवायला आणलं होतं. आता आम्ही ब्लाऊज शिवतो, शाळेचे गणवेश शिवतो, आणि सोयाबीनच्या हंगामात फाटक्या बारदानांना ठिगळं लावतो.

माझं माहेर मनावरचं, धार जिल्ह्यातलं. शाळा आठवीपर्यंत, तीही हिंदीत. मराठी बोलायची घरात, पण वाचायला शिकले ती लग्नानंतर, सासूबाईंच्या पोथ्यांवरून. त्या दुपारी झोपल्या की मी पोथी उघडून एकेक ओळ लावत बसायची. म्हणून लिहिताना मध्येच हिंदी घुसली तर सांभाळून घ्या. आमच्याकडे बोलताना कोण कुठल्या भाषेत सुरू करतो आणि कुठल्या भाषेत संपवतो याचा काही भरवसा नसतो.

आणि मी गावची आशा. म्हणजे बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचं, लेकरांना लसीचा टीका लागला का ते बघायचं, ज्याला नाही लागला त्याच्या आजीशी भांडायचं. केस पिकले तसे लोक मला नावानं हाक मारायचे बंद झाले. सगळे आशा काकी म्हणतात. माझे दीरसुद्धा चुकून म्हणतात कधी.

तर ही गोष्ट गेल्या चैत्रातली. गहू कापून झाला होता, शेतं मोकळी पडली होती, आणि अशा दिवसांत मारवाडाकडचे मेंढीवाले आमच्या भागातून खाली नर्मदेकडे उतरतात. एका सोमवारी त्यांच्यातली एक बाई ओट्यासमोर येऊन उभी राहिली. बावीस-तेवीसची असेल. कडेवर मुलगी, हातात जाड कापडाचा तुकडा. तिला मुलीसाठी झोळी शिवून हवी होती. वाटेत ऊंटावर खाटेला बांधतात आणि त्यात लेकरू ठेवतात.

ती ह्यांना म्हणाली, "भाईसा, ऐसी सीना के छोरी पड़े नीं."

हे माझ्याकडे बघायला लागले. मी जोरात सांगितलं, "पोर पडायला नको म्हणते. दुहेरी शिलाई घाला."

"माझ्या शिलाईतनं नाही पडायची," हे म्हणाले. "ऊंटाला सांग म्हणावं नीट चालायला."

ती हसली. मी मुलीला घेतलं. गुबगुबीत नव्हती, पण चांगली होती, डोळे टकाटका फिरवत होती. केव्हाची म्हणून विचारलं तर म्हणाली, आषाढाची. मी बोटांवर मोजलं, नऊ महिने भरलेले. मग सवयीनं विचारलं, टीके लागलेत का. तिनं पदराआडून एक प्लास्टिकची थैली काढली, त्यात घडी केलेलं कार्ड. मारवाडातल्या तिच्या गावचं. पहिले सगळे टीके लागलेले होते, पुढे रकाना कोरा.

"बोदरी वाळी सूई लगा दो," ती म्हणाली.

आपण गोवर म्हणतो त्याला ते लोक बोदरी माता म्हणतात. मी चकितच झाले. मी गावातल्या सुनांच्या मागे फिरते, एकीचं आज माहेरी जायचं असतं, दुसरीच्या पोराला सर्दी असते, आणि ही अनोळखी बाई ओट्यावर उभी राहून स्वतःहून गोवरची सूई मागते.

मी विचारलं, कोणी सांगितलं तुला. ती मशीनच्या सुईकडे बघत म्हणाली की हिच्या आधी एक मुलगा होता. गेल्या खेपेला वाटेत त्याच्या अंगावर बोदरी आली. सासू म्हणाली माता आली आहे, उतरेल. डेरा, म्हणजे त्यांचा सगळा तांडा, चालतच होता. तो ऊंटावरच गेला.

एवढंच बोलली. हे मशीन चालवत होते, त्यांना काही ऐकू गेलं नाही. मला मात्र त्याच आठवड्यात पलीकडच्या वीटभट्टीवर दोन पोरांना गोवर निघाल्याचं माहीत होतं, आणि मेंढ्या त्याच भट्टीच्या मागे चरत होत्या.

"आजच लावा," ती म्हणाली.

"आज नाही होत गं. आमच्याकडे लस शुक्रवारी येते. शुक्रवारी तुम्ही कुठे असाल?"

"मुखी जाणे."

मुखी म्हणजे त्यांचा म्होरक्या. आता हे डेऱ्याचं चालणं कसं असतं ते सांगते, नाहीतर माझा जीव का जात होता ते तुम्हाला कळायचं नाही. मेंढ्या रात्री कुठे बसणार ते मुखी ठरवतो. ज्या शेतकऱ्याला लेंडीखत हवं तो त्याला बोलावतो, बदल्यात धान्य देतो. सकाळी गडीमाणसं मेंढ्या घेऊन बांधाबांधानं निघतात, आणि बाया खाटा, भांडी, कोकरं, लेकरं सगळं ऊंटांवर लादून सडकेनं पुढच्या शेतावर जातात. ते शेत कुठलं, ते त्यांना कधी आदल्या संध्याकाळी कळतं, कधी सकाळी. मग शुक्रवारी कुठे म्हणून विचारण्यात काय अर्थ.

मी म्हटलं, चल, तुला उद्या हाटपिपल्याच्या दवाखान्यात नेते. तर म्हणाली, सासूनं एवढ्या झोळीपुरतंच सोडलंय. तिच्या वाट्याला एक ऊंट आणि बाराएक कोकरं होती, तिच्यावाचून तो ऊंट लादायचा कोणी. ती गेली आणि मी सिस्टरला फोन लावला.

सिस्टर म्हणजे आमची नर्स. माझ्या मुलीच्या वयाची, चांगली आहे पोर, पण तिच्याकडे इतकी गावं लावून ठेवलीत की तिच्या स्कूटीची सीट दर वर्षी आमच्या ह्यांना शिवावी लागते. ती हिंदीत बोलते, मी तोंडाला येईल त्यात. इथं सगळ्यांचं आपल्या भाषेत लिहिते.

"काकी, ती आपल्या एरियातली आहे का?" तिनं पहिला प्रश्न हाच विचारला.

"माझ्या ओट्यावर होती आत्ता."

"ओटा एरिया नसतो काकी."

"मग शेत? शेतात बसल्या मेंढ्या, तर?"

सिस्टर म्हणाली, "शुक्रवारी अंगणवाडीत आणा. बघते. पण गोवरची बाटली एकीसाठी उघडायला लागली तर मला ओरडा बसेल, आधीच सांगते. नियमात उघडा म्हणतात आणि नंतर वाया किती गेली ते विचारतात."

त्या बाटलीत पाचजणांपुरती लस असते. एकदा पाणी मिसळून उघडली की चार तासांत संपवायची, उरली तर टाकून द्यायची, पुन्हा कोणाला द्यायची नाही. हे सगळं मला पाठ आहे. पण सिस्टरचा आवाज असा झाला होता की भांडायला मन होईना.

मग मी विचार केला, शुक्रवारी डेरा कुठे असेल ते कळत नाही ना, तर डेराच शुक्रवारपर्यंत आपल्या गावात बसवायचा. अंगणवाडीपासून जवळच, वळणापलीकडे पटेलांचं शेत आहे, गहू निघालेलं, सपाट मोकळं. मी मंगळवारी सकाळीच पटेलांकडे गेले. पटेल खाटेवर बसून दात कोरत होते.

म्हटलं, "पटेलसाहेब, शेतात भेड़ बसवायची नाही का यंदा? सोयाबीन कसं येईल मग?"

"बसवायची तर आहे," ते म्हणाले, "पण हे लोक धान्य फार मागतात."

"मागतात तर द्या. गुरुवार आणि शुक्रवार, दोन रात्री बसवा. शेत काळंभोर होईल."

त्यांनी माझ्याकडे डोळे बारीक करून बघितलं. "काकी, तुम्ही टीका लावणाऱ्या की भेड़वाल्यांच्या दलाल?"

"दोन्ही समजा."

आतून पटलीणबाई हसल्या. शेवटी त्यांनीच मिटवलं. त्यांच्या भाचीचं लग्न होतं, दोन ब्लाऊज शिवायचे होते. मी म्हटलं ब्लाऊज माझ्याकडून, तुम्ही मुखीला निरोप पाठवा. घरी येऊन सांगितलं तर हे म्हणाले, "लसीकरण तुझं आणि शिलाई माझी. बरं आहे."

गुरुवारी दुपारनंतर डेरा आला. आधी ऊंट आले, मग धुळीचा लोट, मग मेंढ्या. गावातली सगळी पोरं बांधावर जाऊन बसली. मी गेले तेव्हा बाया खाटा उलट्या-सुलट्या करून लेकरांना सावली करत होत्या. आमची झोळी खाटेच्या पायाला लटकत होती आणि मुलगी त्यात झोपली होती. दुहेरी शिलाई, उगाच नाही.

सासू उंचीपुरी, बिडी ओढत बसलेली. गडी मेंढ्यांमागे गेले की बायांचा सगळा कारभार तिच्या हातात. मी उद्याचं सांगितलं. तिनं धूर सोडला.

"सूई दिली, ताप चढला, छोरी रडायला लागली, तर ऊंट तू हाकशील?"

"म्हणून तर दोन रात्री. ताप आला तर इथंच उतरेल. औषध मी देते."

ती थोरल्या सुनेला म्हणाली, "म्हटलं हा पटेल इतका मोठ्या मनाचा कधीपासून झाला."

थोरली, म्हणजे त्या मुलीच्या आईची जाऊ, चुलीला दगड लावत होती. तिचा एक मुलगा, दीड-दोन वर्षांचा, उघडाच कोकरामागे पळत होता. विचारलं तर त्याला एकही टीका लागलेला नव्हता. मी म्हटलं, ह्यालाही घेऊन ये. ती म्हणाली, "माझ्यावाला दगड आहे, बैनजी. दगडाला सूई टोचून तुझीच सूई वाकेल." सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि मनात म्हटलं, उद्या एकीचं बघून दुसरीही येईल. असंच होतं नेहमी.

सासू शेवटी म्हणाली, "हिच्या मुलीचं हिला ठरवू दे. एक गेला तेव्हा मीच नको म्हटलं होतं." हे तिनं बिडीकडे बघत म्हटलं, आणि लगेच कोकरांवर ओरडायला लागली.

मी खुशीत घरी आले. कणिक मळत होते तोवर शेताकडून ओरडा ऐकू आला.

पटेलांच्या शेताला लागून त्यांच्या चुलतभावाचा कांदा होता. काढायला आलेला, पात माना टाकून पडलेली. दिवेलागणीला मेंढ्या आत घेताना पंधरा-वीस मेंढ्या बांध ओलांडून कांद्यात शिरल्या. दहा मिनिटांत त्यांना हाकललं असेल, पण चुलतभाऊ तोवर काठी घेऊन आला होता आणि मुखीला त्यानं आईबहिणीवरून नको ते बोलून घेतलं. मुखी म्हातारा माणूस, पागोटं सावरत उभा होता.

मी मध्ये पडले. "भिया, कांदा तसाही उपटायचाच होता ना?"

"उपटायचा होता काकी, चारायचा नव्हता. तुमच्या सांगण्यावरनंच आणलंय ना हे सगळं?"

मी पटेलांकडे बघितलं. दोन दिवसांपूर्वी माझ्याशी धान्यावरून घासाघीस करणारे पटेल आता आकाशाकडे बघत होते. भावाभावांचं आधीच बांधावरून वाकडं, त्यांना आणखी नको होतं. चुलतभाऊ म्हणाला, सकाळी हे इथं दिसता कामा नयेत. पटेल म्हणाले, "बघा बाबा, काय ते." म्हणजे जा.

मी मुखीला म्हटलं, उद्या दुपारपर्यंत थांबा, एवढं एक काम होऊ दे. तो शांतपणे म्हणाला, "जठै बोल लागे, बठै चूल्हो नीं जळे." म्हणजे ज्या शेतात असा अपमान झाला तिथं ते त्यापुढे चूल पेटवत नाहीत. मी मान हलवली. मला वाटलं, रीत आहे, ठीक आहे, चूल नाही पेटवणार. सकाळी कोकरं पाजायची, खाटा आवरायच्या, ऊंट लादायचे, दहा-अकरा तर वाजणारच. तोवर सिस्टर येते. त्या मुलीच्या आईलाही सांगितलं, मी बोलवायला येईन, तयार राहा. ती म्हणाली, "जितकं थांबता येईल तितकं थांबेन."

पण चूल नाही म्हणजे भाकरी नाही, आणि भाकरी नाही म्हणजे सकाळचा अर्धा वेळ वाचला, हे माझ्या डोक्यात आलं नाही. रोज त्यांची निघायची वेळ कोण ठरवतं, तर तवा ठरवतो. ते तवा न टेकवता निघणार होते.

शुक्रवारी सकाळी मी अंगणवाडी झाडून घेतली, टेबल पुसलं. साडेनऊची सिस्टर साडेदहाला आली. हाटपिपल्याहून लसीचा डबाच उशिरा निघाला होता. आल्या आल्या तिनं विचारलं, "गोवरचे किती?"

"डेऱ्यातली एक. कदाचित दोन."

"काकी, एकच बाटली दिलीय मला. पुढच्या गावात तिघं आहेत, तिथं उघडणार होते. इथं उघडायची तर दोन तरी आपल्या गावचे दाखवा, म्हणजे मला सांगता येईल. प्लीज."

तिच्यावर काय चिडू. मी चप्पल घातली आणि निघाले. माझ्याकडे दोन घरं राहिलेलीच होती. पहिल्या घरी आजी म्हणाली, "आज शुक्रवार, आज नको, आंबट-चिंबट काही खाल्लं असेल." मी म्हटलं, लसीचा आणि चिंचेचा काय संबंध. म्हणाली, "तसं नाही, पण पोरगा झोपलाय." मी झोपलेला पोरगा तसाच उचलला. आजी मागून ओरडत आली, पण आली. दुसऱ्या घरी सून आंघोळीला गेलेली. तिथं मी दारात उभी राहून वाट बघत होते, आणि मला लांबून घुंगरांचा आवाज आला. ऊंटांच्या गळ्यातला. मी मनाशी म्हटलं, पाण्यावर नेत असतील.

सून आली, पदर पिळत पिळत आली. मी दोन्ही लेकरं घेऊन अंगणवाडीत पोचले, सिस्टरनं बाटली उघडली, वर पेननं वेळ लिहिली, पावणेबारा. दोघांना सूई दिली. दोघं रडले. मी म्हटलं, आता मी तिला घेऊन येते, आणि शेताकडे गेले.

शेतात लेंड्या होत्या, आणि चुलीचे तीन दगड. त्यात राख नव्हती.

खरं सांगते, मला रडू नाही आलं, राग आला. कोणाचा, तेही नीट कळेना. कांद्याचा, डब्याचा, त्या आंघोळीचा. जिच्यासाठी बाटली उघडायची तिलाच सोडून मी बाटली उघडण्याइतकी लेकरं गोळा करत फिरत होते.

परत आले. सिस्टरनं माझा चेहरा बघितला आणि डबा उचलला. "बसा काकी."

"तुझ्या पुढच्या गावाचं?"

"पुढच्या गावाला फोन करते, दुपारी येते म्हणून. बसा, डबा मांडीवर घ्या."

असे आम्ही निघालो, ती पुढे, मी मागे, मांडीवर बर्फाचा डबा. सडकेवर पंक्चरवाला बसतो, त्याला विचारलं, "भिया, ऊंट कुठं गेले?" त्यानं न बघताच पान्यानं घाटाकडे दाखवलं. "आशा काकी, आता ऊंटाला पण टीका?" म्हणाला. तोवर स्कूटी पुढे गेली होती.

आधी मेंढ्या सापडल्या, नाल्याच्या काठानं. मुखीनं आम्हाला बघितलं, काठी वर करून सडकेकडे खूण केली. बाया पुढे गेल्यात. कुठे थांबतील? पाणी असेल तिथं. आता चैत्रात पाणी असेल तिथं म्हणजे तीन जागा. पहिल्या हौदावर म्हशी होत्या. दुसरा हौद कोरडा, त्यात बाभळीचा पाला. मग सिस्टरची स्कूटी चढावर बसली. खाली उतरून ढकलली. ती घामानं चिंब, मी तिच्याहून चिंब, आणि माझा गुडघा मला शिव्या देत होता. ती म्हणाली, "काकी, ह्याचे मला कोणी पैसे देत नाही हं." मी म्हटलं, "मला देतात वाटतं?" तेवढंच हसू आलं आम्हाला.

वाटेत कितीदा थांबलो, कोणाकोणाला विचारलं, ते सगळं सांगत नाही. घाट सुरू होतो त्याच्या जरा अलीकडे हातपंप आहे, तिथं ऊंट उभे दिसले तेव्हा तीन वाजून गेले होते.

मुलगी वर झोळीत होती. आई खाली, दोरी धरून. तिनं आम्हाला बघितलं आणि सासूकडे वळली. सासू म्हणाली, "लादलेला ऊंट वाटेत बसवत नाहीत." मी म्हटलं, नका बसवू. ती आई हातपंपाच्या कठड्यावर चढली, झोळीत हात घातला आणि मुलीला काढून सिस्टरच्या पुढ्यात धरलं. सिस्टरनं बाटलीवरची वेळ बघितली, घड्याळ बघितलं, "आहे अजून," म्हणाली, हात पुसला आणि उजव्या दंडाला सूई दिली. मुलीनं आधी श्वास रोखला, मग अशी रडली की ऊंटानं मान वळवली.

"झालं," सिस्टर म्हणाली. "आता अर्धा तास थांबायचं."

"अर्धा तास?" सासू म्हणाली. "आधी चूल नाही, आता हे."

"नियम आहे, माजी. कोणाला त्रास झाला तर आम्ही जवळ हवं."

मला वाटलं निघून जातील. पण सासू कठड्यावर बसली, बिडी पेटवली. मी तापाचं औषध काढलं, किती आणि केव्हा द्यायचं ते मुलीच्या आईला दोनदा सांगितलं, तिच्याकडून वदवून घेतलं. मुलगी आईच्या अंगावर दूध प्यायला लागली, मधूनच हुंदका देत होती. सिस्टर फोनवर मुलीची नोंद करत होती.

थोरली जाऊ इतका वेळ ऊंटापाशीच उभी होती. अर्धा तास होत आला तेव्हा ती मुलाला बखोटीला धरून आली. त्याचा हात पुढे केला.

मी सिस्टरकडे बघितलं. सिस्टर घड्याळाकडे बघत होती. चारला दहा कमी होते. चार तासांना पाच मिनिटं वर झाली होती.

"नाही होणार काकी."

"पाच मिनिटं गं."

"नाही, काकी." तिनं माझ्याकडे बघून म्हटलं, आवाज न चढवता. "तुम्हाला माहीत आहे."

मला माहीत होतं. उघडलेल्या बाटलीतून वेळ टळल्यावर दिलं आणि लेकराला काही झालं, तर तो जीव आपल्या माथी. मीच दर वेळी नव्या पोरींना शिकवते हे. पण ती बाटली तिनं वर धरली होती आणि आत लस शिल्लक दिसत होती.

"उसमें तो है अभी," थोरली म्हणाली.

"आहे," मी म्हटलं. "पण आता ती चालत नाही."

"सकाळी चालत होती?"

"हो."

तिनं मुलाला उचलून ऊंटावर खाटेत ठेवलं. तिनं टोमणाही मारला नाही. मारला असता तर बरं वाटलं असतं.

निघताना सिस्टरनं बाटली परत डब्यात ठेवली, रिकाम्या बाटल्यांच्या पिशवीत. परत जमा करावी लागते. पुढच्या गावच्या तिघांचं आता पुढच्या खेपेवर गेलं. त्या मुलीची आई कार्ड थैलीत घालत म्हणाली, "पुढची कधी?" मी म्हटलं, दिवाळीनंतर, सोळा महिन्यांची झाली की पुन्हा एक, जिथं असाल तिथं हे कार्ड दाखव. आणि थोरलीला म्हटलं, खाली नदीकाठी पोचलात की तिथल्या आशाला मी सांगते, ह्याला लावून घे. तिनं मान हलवली, हो का नाही ते कळलं नाही.

मी घरी येऊन खरंच फोन केला. नर्मदाकाठच्या नेमावरच्या अलीकडे एका गावात माझ्या ओळखीची आशा आहे. ती म्हणाली, "ताई, पाठव ना, पण माझ्या गावात थांबतील का ते?" मी म्हटलं, थांबवावे लागतात. "कसे?" मी तिला शेताचं सांगितलं, लेंडीखताचं सांगितलं. ती हसत म्हणाली, "आमच्याकडे सगळा कांदाच आहे." दहाएक दिवसांनी पुन्हा फोन केला तर म्हणाली, डेरा आला होता, पुलापाशी एक रात्र राहिला, ती रविवारची होती, त्या दिवशी लस नसते.

त्या नोंदीचं एक राहिलं. फोनमध्ये गावाचं नाव भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. डेरा असं काही त्यात नाही. म्हणून सिस्टरनं हातपंपावर बसून आमचं गाव भरलं. त्यामुळे ती मुलगी आता माझ्या गावची आहे. पुढची सूई राहिली म्हणून दर महिन्याच्या बैठकीत तिचं विचारतात. मी सांगते, ऊंटावर असते. वरची मॅडम म्हणते, "काकी, चेष्टा नको, घरी जाऊन आणा." थोरलीच्या मुलाबद्दल कोणी विचारत नाही. त्याची नोंद करायला सूई तर लागायला हवी होती.

पटलीणबाईंचे ब्लाऊज ह्यांनी शिवून दिले. बाह्या घट्ट झाल्या म्हणून एक परत आला.

यंदा गहू कापून झाला आहे. पटेलांशी मी आधीच बोलून ठेवलंय, दुसऱ्या बाजूचं शेत, जिथं शेजारी कांदा नाही, हरभरा निघालेलं रान आहे. सिस्टरला सांगितलंय, दोन बाटल्या मागून ठेव, ओरडा मी खाईन. आणि पंक्चरवाल्याला सांगितलंय, ऊंट दिसले की आधी मला फोन कर, मग पाना उचल. त्याचा दोनदा फोन आला. एकदा दुसऱ्याच कोणाचा डेरा होता, त्यांच्यातल्या तिघांना आम्ही लावलं. दुसऱ्यांदा त्याला नुसती विचारपूस करायची होती, काकी, आले का तुमचे पाहुणे.

म्हटलं, नाही आले अजून.